कोकणच्या पायवाटा : पुळण, सडा आणि देवरहाटी

सह्याद्रीची धार आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये पसरलेली कोकणची पट्टी सर्वसाधारणपणे ३० ते ६० किलोमीटर रुंदीची आहे. तिची दक्षिणोत्तर लांबी ७२० किलोमीटर असल्याचे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. नकाशावर अरुंद दिसणारी ही पट्टी पायी चालणाऱ्यास मात्र फार मोठी वाटते, कारण येथील भूमी सलग नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी ती आडवी चिरलेली आहे. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी अशा एकामागून एक खाड्या लागतात, आणि दोन खाड्यांमध्ये जांभ्याचे उंच सडे समुद्रापर्यंत येऊन थांबतात. अशा मुलखात गाडीरस्ता होणे कठीण होते आणि तो झालाही उशिरा. त्यामुळे शतकानुशतके कोकणी माणसाचा व्यवहार दोनच साधनांवर चालला. एक होडी आणि दुसरे स्वतःचे पाय.

या पायांनी घडविलेल्या वाटांचे जाळे आजही बऱ्याच अंशी शिल्लक आहे. पदभ्रमणासाठी येणाऱ्या प्रवाशांचे लक्ष अलीकडे या वाटांकडे वळू लागले आहे. सह्याद्रीच्या गडकोटांची चढण ज्यांना झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांना, शाळेच्या मुलांना आणि सहकुटुंब फिरणाऱ्यांना किनाऱ्यालगतच्या या सौम्य वाटा विशेष सोयीच्या आहेत. परंतु त्यांचा विचार केवळ पर्यटनाच्या अंगाने करणे अपुरे ठरेल. या वाटा गावाच्या मालमत्तेचा भाग आहेत आणि त्यांतील कित्येक आज कागदावरून नव्हे, तर जमिनीवरून नाहीशा होत आहेत. पंचायतीचे सभासद, महसुली कर्मचारी आणि शिक्षक यांच्या दृष्टीने हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे.

वाटेची घडण

किनाऱ्यावरील कोणत्याही गावाचा पश्चिमेकडून पूर्वेकडे छेद घेतला तर जवळजवळ तोच क्रम आढळतो. प्रथम वाळूची पुळण, तिच्या कडेला मर्यादवेल, केवडा आणि सुरूची झाडे. त्यामागे नारळी-पोफळीची आगरे आणि त्यांच्यात लपलेली घरे. आगरांच्या पाठीशी डोंगराचा उतार, त्यावर आंबा-काजूच्या बागा आणि रान. उताराच्या माथ्यावर उघडा, सपाट जांभ्याचा सडा. सड्यापलीकडे पुन्हा उतार, भातशेती आणि बहुधा एखाद्या खाडीचा फाटा. गावाची वाट हे सर्व टप्पे ओलांडून जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिचे रूप व नाव बदलते.

आगरांतून जाणारी वाट दोन गडग्यांमधून जाते. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड चुन्याशिवाय, मातीशिवाय एकावर एक रचून केलेली बांधाची भिंत. या बोळवजा वाटेस पाणंद म्हणतात. उतारावर तीच वाट पाखाडी होते. जांभ्याचे चिरे किंवा ओबडधोबड दगड पायऱ्यांसारखे बसवून केलेली ही पायरस्त्याची जुनी पद्धत कोकणाची खास ओळख आहे. पाखाडी ही निव्वळ पायऱ्यांची रांग नसते. पायरी किंचित बाहेरच्या बाजूस कललेली असते, म्हणजे पाणी तिच्यावर साचत नाही. ठराविक अंतरावर पाणी बाजूला काढून देणारी आडवी चर असते. पायरीची उंची डोक्यावर ओझे असलेल्या बाईच्या पावलास बेतलेली असते. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलून जी पाखाडी टिकते तिच्यामागे हा हिशेब असतो. अलीकडे पाखाडीवर सिमेंटचा गिलावा देऊन 'सुधारणा' करण्याची रीत पडली आहे. तीत पाण्याच्या चरा बुजतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पहिल्या पावसाळ्यातच शेवाळ धरते. खर्च करून वाट अधिक धोक्याची करणे यालाच म्हणावे.

ओहोळावर, म्हणजे रत्नागिरीकडील पऱ्यावर आणि सिंधुदुर्गाकडील व्हाळावर, साकव असतो. पूर्वी तो पोफळीच्या किंवा माडाच्या खोडांचा असे. पावसाळ्याच्या तोंडी गावकरी तो बांधत. आता बहुतेक ठिकाणी पक्के साकव झाले आहेत, आणि कोकणातील ग्रामविकासाच्या कामांत साकवाइतके थोड्या खर्चात उपयोगी पडलेले काम क्वचितच दुसरे दाखविता येईल. खाडी आली की वाट संपत नाही, ती तरीवर चढते. तरीची होडी हा वाटेचाच भाग मानला जाई.

सड्यावर मात्र वाट दिसतच नाही. तेथे खडक उघडा असतो. जाणकार माणूस दगडाच्या रंगावरून वाट ओळखतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या पाय पडलेला जांभा आजूबाजूच्या काळपट दगडापेक्षा तांबूस आणि घोटीव दिसतो. नवख्याने सड्यावर, विशेषतः धुक्यात, वाटाड्याशिवाय जाऊ नये.

सडा हा वरवर उजाड वाटणारा प्रदेश. त्याला पडीक समजण्याची चूक सरकारी दप्तरांनीही दीर्घकाळ केली. पावसाळ्यात याच खडकावरील चिमूटभर मातीत नाजूक फुलांच्या वनस्पती उगवतात. त्यांतील काही अन्यत्र फारशा आढळत नाहीत. याच खडकावर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसईमाळ अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची भव्य आकृती पाहिली म्हणजे हा खडक पडीक नव्हता हे वेगळे सांगावे लागत नाही. यांतील अनेक आकृतींची माहिती अभ्यासकांना मिळाली ती गुराख्यांकडून आणि सड्यावरून नित्य पायी ये-जा करणाऱ्या ग्रामस्थांकडून. वाट चालती राहिली म्हणून ठेवा सापडला.

गुहागर ते गणपतीपुळे : एक नमुना

किनाऱ्याच्या पायवाटेचा नमुना म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर ते गणपतीपुळे हा पट्टा घेता येईल. रमतगमत चालणाऱ्यास तो चार ते पाच दिवसांचा आहे. त्यात पुळण, आगर, पाखाडी, सडा, खाडी आणि तर हे सर्व प्रकार येतात, आणि कोठेही दमछाक करणारी चढण नाही.

गुहागरची पुळण लांबच लांब आणि सरळ आहे. व्याडेश्वर आणि दुर्गादेवी यांची देवळे असलेली वस्ती पुळणीला समांतर वसलेली असून घरांमागील आगरांतून थेट समुद्रावर जाणाऱ्या अरुंद पाणंदी ठिकठिकाणी आहेत. पुळणीच्या दक्षिण टोकास असगोली हे मच्छीमारांचे गाव लागते. तेथून वाट डोंगरावर चढते व पालशेतकडे उतरते. पालशेत, अडूर, बुधल, कोंडकारूळ या गावांच्या दरम्यान समुद्र अनेक लहान लहान खोबणींत शिरलेला आहे. प्रत्येक खोबणीत एक वाडी आणि दोन खोबणींमध्ये एक सड्याचे नाक, अशी रचना आहे. मोटाररस्ता या नाकांना वळसा घालून आतून जातो. जुनी वाट नाक ओलांडून सरळ जाते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळिणींची ही वाट. तिच्यात कोठे अनाठायी वळण सापडत नाही.

पुढे वेळणेश्वर येते. माडांनी वेढलेली तेथील पुळण आणि शिवालय प्रसिद्धच आहेत. त्यानंतर हेदवी. दशभुज लक्ष्मीगणेशाच्या देवळाकरिता भाविक तेथे येतात, पण समुद्रकाठच्या खडकातील बामणघळ पाहण्यासाठी वाट वाकडी करणारे त्यांच्यात थोडेच. खडकाला पडलेल्या या अरुंद भेगेत भरतीच्या वेळी लाट शिरते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. खडक ओले व निसरडे असतात. फवारा पाहावयाचा तो अंतरावरूनच. नरवण, रोहिले या गावांवरून वाट तवसाळला पोहोचते आणि शास्त्री नदीचे मुख आडवे येते. पलीकडे जयगड. येथे आता वाहनांसह प्रवाशांना नेणारी फेरी बोट चालते, तशीच ती उत्तरेस दाभोळ ते धोपावे आणि वेसवी ते बागमांडला येथेही चालते. पायी प्रवाशास तिचा लाभ मोठा आहे, कारण अशी एक फेरी दिवसाचा वळसा वाचविते.

जयगडच्या किल्ल्यापासून पुढे नांदिवडे येथील कऱ्हाटेश्वराचे देऊळ कड्याच्या अगदी काठावर आहे. वरवडे ओलांडून मालगुंड येथे येता येते. कवी केशवसुत यांचा जन्म १८६६ मध्ये मालगुंडला झाला. त्यांच्या घराच्या जागी उभारलेले स्मारक शाळांच्या सहलींनी आवर्जून पाहावे असे आहे.

गणपतीपुळ्यास या पट्ट्याचा शेवट होतो. तेथे एक गोष्ट अभ्यासकाने अवश्य नोंदवावी. देवळामागील संपूर्ण टेकडीलाच गणेशाचे रूप मानले जात असल्याने प्रदक्षिणा देवळाभोवती न घालता टेकडीभोवती घातली जाते. त्यासाठी एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस झाडीचा उतार ठेवून जाणारा फरसबंद मार्ग आहे. सुमारे एक किलोमीटरच्या या वाटेवर वर्षभर हजारो माणसे चालतात आणि तिच्या आतील टेकडी हिरवी राहिली आहे. वाट आणि रान यांचे परस्परांवाचून अडते, याचे इतके सुबोध उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्याच्या वाटेचा निम्मा भाग समुद्राच्या मर्जीवर असतो. ओहोटीला जो खडकाळ काठ कोरडा आणि चालण्याजोगा असतो तोच भरतीला पाण्याखाली जातो, आणि मागे कडा असल्यास माणूस अडकतो. दरवर्षी घडणाऱ्या दुर्घटनांपैकी बऱ्याच या अज्ञानातून होतात. वास्तविक भरतीची वेळ काढण्याचा एक जुना सोपा आडाखा मच्छीमारांत आणि खलाशांत सर्वत्र प्रचलित आहे. चालू तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजावयाचे.

उदाहरणार्थ, पंचमीस पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीस भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचला. पौर्णिमा-अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवसांत उधाण असते, भरती अधिक वर चढते आणि ओहोटीही अधिक खोल जाते. सकाळच्या वेळी पुळणीने व खडकांवरून चालावयाचे असेल तर चतुर्थी-पंचमीचे दिवस सोयीचे, हे यावरून सहज ध्यानात येईल. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे का सरकते, याचे कारण चंद्राच्या भ्रमणात आहे. भूगोलाच्या शिक्षकाला हा पाठ वर्गापेक्षा किनाऱ्यावर चांगला शिकविता येईल. आडाखा स्थूल असल्याने प्रत्यक्ष निघण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारास विचारणे किंवा छापील भरतीपत्रक पाहणे इष्ट.

ऋतूंपैकी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. सड्यावर जानेवारीनंतर पाणी मिळत नाही, ते बरोबर घ्यावे लागते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत फुरसे या विषारी सापाचे प्रमाण बरेच आहे. ते दगडांखाली आणि पाचोळ्यात बसते व रंगाने जांभ्याशी मिसळून जाते. पायात घोट्यापर्यंतचे बूट असावेत, दगड हाताने उलथू नयेत. दंश झाल्यास बांधणे, कापणे असले उपाय न करता विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठणे हाच मार्ग आहे.

रानातील वाट आणि देवरहाटी

किनाऱ्यालगतची जंगले घाटमाथ्यावरील अरण्यांहून निराळी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वनांचे क्षेत्र अत्यल्प आहे. दिसणारे बहुतेक रान खाजगी मालकीचे किंवा गावकीचे आहे. सलग संरक्षित अरण्य पाहावयाचे तर रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील फणसाडला जावे लागते. जंजिऱ्याच्या नबाबाचे हे राखीव शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. समुद्रापासून अगदी जवळ असलेल्या या रानात शेकरूचे दर्शन घडते. तेथील पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात, आणि अभयारण्यातील वाटा एका गाणीवरून दुसऱ्या गाणीकडे जाणाऱ्या आहेत. वाट पाण्याला धरून जाते, हे रानातल्या वाटेचे पहिले सूत्र तेथे प्रत्यक्ष दिसते.

दक्षिणेकडे शासकीय वनाची उणीव देवरहाटीने भरून काढली. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नाही. सातवीण, किंजळ, बेहडा, ऐन, सुरंगी असे वृक्ष आणि त्यांवर चढलेले गारंबीचे अजस्र वेल यांमुळे मूळ कोकणी अरण्य कसे असेल याची कल्पना येथेच करता येते. गावाचा बारमाही झराही पुष्कळदा देवरहाटीतूनच निघतो. पदभ्रमणाचे मार्ग आखताना देवरहाटी हे आकर्षण म्हणून त्यांत घालण्याचा मोह होतो. येथे संयम हवा. देवळापर्यंत जाणारी परंपरागत वाट तेवढी वापरावी, आतून नवी वाट पाडू नये, चपला बाहेर काढण्याची गावची रीत पाहुण्यांनीही पाळावी. कांदळवनाचे तर याहून स्पष्ट आहे. कांदळ, तिवर, चिपी यांची तोड करून खाडीकाठी वाट काढता येत नाही. मग उद्देश पर्यटनाचा असो वा अन्य कोणता.

वाटा का बुजल्या

वाट वापराने टिकते. कोकणातील वाटांचा वापर एकाएकी थांबला नाही, तो एकेका कारणाने उणावत गेला. राबासाठी कवळ तोडून आणण्याची आणि भाजावळ करण्याची पद्धत मागे पडली; तिच्याबरोबर रानात जाणाऱ्या वाटा ओस पडल्या. घरोघर गॅस आला, तेव्हा फाट्या आणणाऱ्या बायांच्या वाटा गेल्या. गुरे कमी झाली, गुराखी राहिले नाहीत. गावोगाव एस.टी. पोहोचली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. हे सर्व बदल स्वागतार्हच होते. चार मैल चालून शाळेस जाण्यात किंवा आजाऱ्याला डोलीत घालून सडकेवर आणण्यात कोणतीही रम्यता नव्हती, हे पायवाटांचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरता कामा नये. पण याच काळात गावातील कर्ती माणसे मुंबईस गेली. वर्षातून एकदा वाट साफ करण्यासाठी लागणारे हातच गावात उरले नाहीत.

तरीही काही वाटा टिकल्या आहेत, आणि त्या का टिकल्या हे पाहण्यासारखे आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सर्व वाड्यांतून घरोघर फिरते. पालखी परंपरेने ठरलेल्या वाटेनेच जाते, म्हणून त्या वाटा शिमग्यापूर्वी गावकरी, आणि सुटी काढून आलेले चाकरमानीही, झाडझुडूप तोडून मोकळ्या करतात. कोणत्याही योजनेच्या निधीशिवाय, अंदाजपत्रकाशिवाय चाललेले हे दुरुस्तीचे काम आहे. ज्या गावाला आपल्या जुन्या वाटांची यादी करावयाची आहे त्याने पालखीच्या वाटेपासून आरंभ करावा.

दुसरे कारण अधिक काळजीचे आहे. किनाऱ्यालगतच्या आणि सड्यावरील जमिनींना भाव आल्यापासून त्यांची मोठ्या प्रमाणावर खरेदी-विक्री झाली. नवा मालक प्रथम कुंपण घालतो. जुन्या गडग्यातून पायवाटेसाठी जागा सोडलेली असे. चिरेबंदी भिंतीत आणि तारेच्या कुंपणात ती सुटत नाही. मग समुद्रावर जाणारी पाणंद एका फाटकाशी संपते, मच्छीमारांना होडीपर्यंत जाण्यास वळसा पडतो, स्मशानाची वाट अडते. चिरेखाणींनीही सड्यावरील वाटांचे लचके तोडले आहेत. तक्रार होते ती बहुधा उशिरा, कारण वाट अडली त्या दिवशी गावात असणारी माणसे वृद्ध असतात आणि ज्यांना दाद मागता आली असती ती परगावी असतात.

कायद्याचा आधार

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये खाजगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा, तसेच भरतीच्या रेषेखालील समुद्र व खाड्या यांची भूमी शासनाची आहे. पुळणीच्या ओल्या वाळूवर कोणाचे खाजगी कुंपण येऊ शकत नाही ते याच कारणाने. गावनकाशा हा यातील मुख्य पुरावा होय. ग्रामीण गाडीमार्ग त्यावर तुटक दुहेरी रेषेने दाखविलेले असतात व त्यांची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवितात व त्यांची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. नकाशावरील ही तुटक रेषा पुसट असली तरी तिचे बळ मोठे आहे. तिची प्रत भूमि अभिलेख कार्यालयातून मिळते.

नकाशावर नसलेल्या परंतु वहिवाटीच्या वाटेत शेतजमिनीकडे जाण्यास कोणी अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. ही मुदत अनेकांना ठाऊक नसते आणि तिच्या अज्ञानामुळेच पुष्कळ प्रकरणे फसतात. शेतास वाटच नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे शेजारच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी अर्ज करता येतो. ही दोन्ही कलमे शेतकऱ्यासाठी आहेत, फिरावयास आलेल्या प्रवाशासाठी नव्हेत. पदभ्रमण मार्ग खाजगी बागेतून न्यावयाचा असेल तर मालकाची संमती हाच एक राजमार्ग होय. सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला आहे. या अधिकाराचा वापर पंचायती फारसा करीत नाहीत. एकाच गावात रोज तोंड पाहावयाचे असते, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. पण वाट गेल्यावर ते कारण कोणास सांगून उपयोग नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, त्याची दोन उदाहरणे उपयुक्त आहेत. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर चोरटी आयात रोखणाऱ्या जकात शिपायांची गस्तीची जुनी वाट होती. गस्त संपली, वाट बुजत गेली. फ्रान्सने १९७६ मध्ये कायदा करून किनाऱ्यालगतच्या खाजगी जमिनींवर तीन मीटर रुंदीची पट्टी पादचाऱ्यांसाठी मोकळी ठेवण्याचे बंधन घातले. जमीन मालकाचीच राहिली, जाण्याचा हक्क लोकांचा झाला. आज सुमारे २,००० किलोमीटरचा तो मार्ग पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणेने ओळखला जातो. वेल्सने २०१२ मध्ये आपल्या संपूर्ण किनाऱ्यालगत सुमारे १,४०० किलोमीटरचा पायमार्ग खुला केला. तो नव्याने बांधलेला नाही. बहुतांशी जुन्याच हक्काच्या पायवाटा जोडून, तुटलेले दुवे वाटाघाटीने मिळवून तयार केलेला आहे. कोकणात हे जसेच्या तसे होईल असे नाही. तेथील धारणक्षेत्रे मोठी आहेत, येथे एका आगराला दहा-दहा हिस्सेदार असतात आणि त्यांतील आठ मुंबईत. पण आधी नोंद, मग जोडणी, आणि बांधकाम सर्वांत शेवटी, हा वेल्सचा क्रम येथेही लागू पडतो. आपल्याकडे बहुधा बांधकामापासून आरंभ होतो.

पंचायत आणि शाळा

ग्रामपंचायतीच्या लेख्यांत नमुना २३ ही ताब्यातील रस्त्यांची नोंदवही आहे. तीत डांबरी व खडीचे रस्ते असतात. पाखाड्या आणि पाणंदी क्वचितच असतात. जी वाट या वहीत नाही तिच्यावर खर्च करण्यास लेखापरीक्षक हरकत घेतात, आणि तिच्यावरील अतिक्रमण सिद्ध करणेही कठीण जाते. तेव्हा पहिले काम या नोंदीचे. सातवी-आठवीच्या वर्गास हा उपक्रम सहज जमेल. मुलांनी गावनकाशाची प्रत घेऊन एकेका वाडीतील वृद्धांबरोबर प्रत्येक वाट चालावी, तिचे चालते नाव, आरंभ, शेवट, पावलांत मोजलेली लांबी, वाटेवरील साकव, विहीर, देवस्थान, मोठे वृक्ष आणि आजची अडचण लिहून घ्यावी. वृक्षांची व झऱ्यांची माहिती जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीसही उपयोगी पडेल. वाटांची नावे विशेष काळजीने टिपावीत. कोणती वाट मिठाची, कोणती कोळिणींची, कोणती प्रेताची, यांत गावाचा न लिहिलेला इतिहास असतो. ही यादी ग्रामसभेपुढे वाचून ठरावाने नमुना २३ मध्ये घ्यावी.

प्रवासी आले तर गावास काय मिळते, हा प्रश्न सभेत हमखास निघेल. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी माणसे येऊ लागली. त्यांची उतरण्याची व जेवणाची सोय गावातील घरांतूनच झाली. तेथे मोठे बांधकाम करावे लागले नाही. पायी येणारा प्रवासी एका दिवसात पंधरा किलोमीटरपेक्षा फारसा पुढे जात नाही; त्याला दर रात्री एका गावात थांबावेच लागते, आणि मोटारीतून येणाऱ्याप्रमाणे तो शिधा बरोबर आणीत नाही. उत्पन्न थोडे असेल, पण ते वाडीवाडीत पोहोचेल. त्याबरोबर कचरा, रात्रीचा गोंगाट आणि पाण्याचा ताण या गोष्टीही पोहोचतील. म्हणून एका वेळी किती जणांना घ्यावयाचे, कोणत्या महिन्यांत वाट बंद ठेवावयाची आणि कासवांच्या हंगामात पुळणीवर रात्री दिवे लावावयाचे की नाहीत, हे गावाने आधी ठरविणे बरे.

खुणा करण्यास फलकांची आवश्यकता नाही. खारे वारे लोखंडी फलक दोन-तीन पावसाळ्यांत खातात. वळणावरच्या जांभ्यावर चुन्याचा एक पट्टा, दरवर्षी शिमग्यापूर्वी पालखीची वाट साफ होते त्याच वेळी नव्याने दिलेला, पुरेसा होतो. चुना, कुंचला आणि कोयता एवढाच त्याचा खर्च आहे.